निळ्या केसांच्या राजपुत्राची दृष्ट

त्या ड्रॅगनवाल्या कार्टून मालिकेचा शेवट फसलाय, असं मी कट्ट्यावर सगळ्यांना सांगतो. आज तुम्हाला खरं सांगतो. मी जळत होतो.

मालिका मीच घरात लावली, पण त्यातल्या निळ्या केसांच्या राजपुत्रावर बायकोचा असा जीव जडला की शेवटच्या दोन भागांसाठी तिनं शेंगापोळ्या केल्या. माझ्या वाढदिवसाला शिरासुद्धा नसतो!

शेवटून दुसऱ्या भागात राजपुत्र ड्रॅगनवरून दरीत कोसळला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं!"

बायको ताडकन उठली. "नजर लागली त्याला! तरी म्हणते, इतका देखणा कसा काय पडंल?"

तिनं मूठभर मीठ-मिरच्या घेतल्या, टीव्हीवरून तीनदा ओवाळल्या आणि स्वयंपाकघराकडं निघाली. "आता तव्यावर टाकते. ठसका लागला तर नजर न्हाई. न्हाई लागला, तर कुणाची नजर ते कळलंच की! त्याला पोळी मिळायची न्हाई."

घरात बघणारे आम्ही दोघंच. ठसका न लागून चालणारच नव्हतं. मी सोफ्यावर बसल्या बसल्या असा खोकलो, असा खोकलो, की डोळ्यांतून पाणी काढलं.

आतून आवाज आला, "अहो, अजून गॅस पेटवला न्हाई की!"

शेवटचा भाग मी कडक भाकरी चावत बघितला. राजपुत्र जिवंत निघाला.

म्हणून म्हणतो, शेवट पार फसलाय.