रामहरीचा गोंधळ

पाथर्डी स्टँडवर नगरची गाडी लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"मावशी, पिशवी लई जड दिसती."

"माझ्या रामहरीचे गणिताचे कागद हायेत. कॉलेजवाले त्याचं पुस्तक काढनार हायेत. एकवीस लेख छापून आलेत."

"कशावर?"

"गोंधळावर."

"देवीच्या?"

"मलाबी तसंच वाटायचं. गावभर सांगत हुते. मग त्योच म्हनला, आई, त्यो न्हाई. सुरुवातीला केसाएवढा फरक पडला, तर फुडं काय हुईल ते कुनालाच सांगता येत न्हाई, त्यो गोंधळ."

"आन देवीचा?"

"त्यो रामहरीच्या लग्नात घालनार हुतो. संबळवाल्याला सांगूनबी ठिवलं हुतं."

"मग आला का?"

"आला. दहाव्याला. संबळ घरी ठिवून."