गिटारच्या भिंतीमागे

धाकटा : ताई, माझा आवाज असा येतोय जसं शेजारच्या घरात कुणीतरी भांडतंय.

(स्टुडिओची खोली, भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. बहीण मिक्सिंगला बसलेली. धाकटा भाऊ मेटलकोअर, म्हणजे ओरडून गायच्या कडक रॉक बँडचा गायक, ढोल्या त्याच बँडचा ड्रमर.)

ताई : गिटारच्या आवाजाची भिंत नको का मग? तुमचं संगीतच तसलं.

धाकटा : भिंत हवी. तू मला तिच्या पलीकडे नेऊन उभं केलंयस.

ढोल्या : गिटार मात्र काय वाजलीय. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला माझ्याच अंगावर काटा आला.

धाकटा : तुझे ड्रमही चोख आहेत. म्हणून तर विचारतोय. एवढं सगळं जमलंय, मग अल्बम रटाळ का होतो?

ताई : रटाळ?

धाकटा : दोन ओळी झाल्या की ब्रेकडाउन. वेग पडतो, पब्लिकनं उड्या मारायच्या, मी गप्प. एकदा मजा येते. तिसऱ्या गाण्यापासून आधीच कळतं, आता पडणार.

ढोल्या : लोकांना आवडतं.

धाकटा : तुला नाही आवडत. मागच्या अल्बमला एका जादा ब्रेकडाउनवरून आठवडाभर बोलला नव्हतास माझ्याशी.

ढोल्या : माणूस बदलतो.

धाकटा : तू? तू मोजे बदलत नाहीस.

ताई : संध्याकाळी अल्बम पाठवायचाय. आता चिरफाड नको.

धाकटा : पाठवायचाय म्हणूनच. आणि कोरस बघ, सगळे गोड गोड. गिटारवाला गातो छान, वाद नाही. पण मी ओरडायला तोंड उघडलं की हा गातच येतो. मला झाकायला पाठवल्यासारखा.

ताई : चहा टाकू?

धाकटा : नको. शेवटचं गाणं लाव. फक्त माझा आवाज, बाकी सगळं बंद.

ताई : कशाला उगाच?

ढोल्या : अरे, वेळ नाही म्हणतेय ना ती.

धाकटा : तू मध्ये पडू नकोस. ताई, लाव.

ताई : घे.

धाकटा : थांबव. ही लांब ओळ. एका दमात आहे.

ताई : हो.

धाकटा : माझ्याकडून ती तीनदा तुटली होती. खोकत बाहेर गेलो होतो मी.

ताई : जोडली. सगळेच जोडतात.

धाकटा : जोड ऐकू येते मला. इथं जोड नाहीये. हे गाणं आपण मागच्या अल्बममधून वगळलं होतं, तेव्हाचं रेकॉर्डिंग आहे हे.

ताई : तेवढी एकच ओळ, रे.

धाकटा : आणि ब्रेकडाउन? ढोल्या, कुणाची कल्पना?

ढोल्या : माझी. म्हटलं, तुला मध्ये दम खाता येईल.

धाकटा : कोरस?

ढोल्या : सगळ्यांची.

धाकटा : आणि शनिवारी स्टेजवर काय? ताई मागून जुना मी लावणार?

ताई : डॉक्टरांनी घशाला विश्रांती सांगितलीय, बाकी काही नाही. महिनाभर गप्प बसलास की...

धाकटा : महिनाभर गप्प बसूनच आलो होतो रेकॉर्डिंगला.

ताई : मला वाटलं, निदान अल्बम तरी नीट होऊ दे.

धाकटा : झालाय ना. गिटार झकास, ड्रम झकास. पुढचं बोला की.

ढोल्या : ताई, तू सांग. तू बहीण आहेस.

ताई : मी नाही सांगणार. माझ्या तोंडून निघायचं नाही ते.

धाकटा : राहू दे. मीच सांगतो. मला आता ओरडता येत नाही.