खरवडलेली जागा

—न्हाय न्हाय, पावणं, मला वाचाय येतंय, तुमी वाचून दाखवू नका. चार दिस झालं पुण्याहनं येऊन बसलाय आन् मला खुळ्यागत समजावताय—काका, हे असं, काका, ते तसं. तीस वर्सं नकाशं काढतोय मी! ह्याच उद्यमनगरात, पाटावर ट्रेसिंग कागद ताणून साखर कारखान्यांच्या पायपा काढल्यात, तवा तुमी पाळण्यात तरी हुता का? मंग! काय विचारतंय तुमचं नवं सॉफ्टवेअर? जुन्या कामातली हरेक वस्तू नव्यात न्हेताना तिची मूळ तारीख आन् करणाऱ्याचं नाव ठेवायचं, का सगळ्याला आजची तारीख मारायची—एवढंच की? मारा आजची. सांगतोय न्हवं, आजची मारा! का म्हंजे? व्हॉल्व्हची पत्रिका जुळवायचीय व्हय? लगीन ठरवायचंय पंपाचं? दाबा ते बटण आन् मोकळं व्हा. पाचची गाडी हाय तुमची, शनवार हाय, स्टँडवर पाय ठेवाय जागा नसती.

काय म्हणालासा? तुमी सगळ्या कंपन्यांना ठेवाच म्हणून सांगता? तुमी सांगणार की, तुमचं काय जातंय! शहाण्णव साली असाच एक तुमच्यासारखा आलता. टाय लावून. म्हणला, काका, आता पाट माळ्यावर टाका, आता सगळं कंप्युटरवर. टाकला. चाळिशी ओलांडलेली माझी, चष्मा नुकता लागलेला, तरी दोनशे पानी वहीत एकेक कमांड लिहून पाठ केली मी, पोरं बारावीचं करतात तसं. दहा वर्सं त्यात कारखानं उभं केलं. आन् आता काय? तर त्ये जुनं झालं, त्येला कोण विचारत न्हाय, सगळं उचलून नव्यात घाला. आन् घातलं तर तुमचं हे नवं काय करतंय—तीन हजार चारशे चुकांची यादी छापतंय! माझ्या चुका! कारखानं चालत्यात, साखर पडत्याय पोत्यात, आन् हे मला चुका दावतंय.

न्हाय, बसा, बसा. रागावलो न्हाय मी. माझा आवाजच असा हाय. तुमाला एक सांगतो. पाटावर चुकलं की आमी काय करायचो, ठाव हाय? ब्लेड. दाढीचं ब्लेड अर्धं मोडायचं, शाई हळू खरवडायची, वरनं नखानं घासून गुळगुळीत करायचं. पण कितीबी सफाई करा—कागद उजेडाला धरला की खरवडलेली जागा दिसणार म्हंजे दिसणारच. थोरलं साहेब, हंबीरराव, ते प्रत्येक कागद खिडकीला धरायचं आन् विचारायचं, सयाजी, हितं आधी काय होतं रे? घाम फुटायचा. मंग कंप्युटर आला आन् मला वाटलं, सुटलो बाबा! पुसलं की पुसलं, ना ओरखडा ना काय. दहा वर्सं मी त्या भरवशावर—म्हंजे त्या भरवशावर काम केलं, एवढंच म्हणतोय मी. उगं वर बघू नका.

आता हे काय उघडलंसा? शिरोळकडचा कारखाना? कुणी सांगितलं तुमाला उघडाय? व्हय, सोमवारपास्नं त्येचं वाढीव काम हाय, म्हाईत हाय मला. दीक्षाकडं दिलंय. दीक्षा म्हंजे ती की, काल तुमच्या शेजारी बसून सगळं टिपून घेत हुती. डिप्लोमा झालाय तिचा, वरसभर झालं हितं. तुमचं नवं सॉफ्टवेअर तुमी यायच्या आधीच, तीन आठवड्यात घोटून प्याली पोरगी. परवा मला म्हणती, काका, यात कशावरबी क्लिक केलं की त्येचा जन्म दिसतो बघा! हसत सांगत हुती. आन् क्लिक करती हो ती, सारखी करती, गप बसत न्हाय. आकाराम कांबळ्याची लेक ती. तसाच स्वभाव.

आकाराम आमचा फिटर. हातकणंगल्याचा. तसा फिटर ह्या जिल्ह्यात झाला न्हाय, हे मी कुणाच्याबी तोंडावर सांगंन. नकाशात हाय ते लावणार, न्हाय ते लावणार न्हाय. एक बोल्ट कमी पडला तर काम थांबवून मला फोन करायचा, सयाजीराव, चार दावलेत, तीनच आलेत, काय करू? सगळी हसायची त्येला. नकाशा म्हंजे त्येला आईचा शब्द. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत तितंच गेला, ह्याच कारखान्यात. रस आटवायच्या टाकीवर अठ्ठावीस फुटांवर फळी हाय, तिथं व्हॉल्व्ह आवळत हुता. पाना वडला, एक पाऊल मागं सरला—आन् मागं रेलिंग न्हवतं.

चौकशी झाली की. मोठी चौकशी. नकाशा मागवला, नकाशात रेलिंग हुतं. छापील, तारखेसकट, माझ्या सहीसकट! मंग लावलं कुणी न्हाय? आकारामनं. स्वतःच्या चुकीनं गेला, लिहून टाकलं, फाईल बंद. आता ह्यात माझा काय—

असं का बघताय? बोला की. व्हय, मीच म्हणालो आत्ता, एक बोल्ट सोडायचा न्हाय. म्हणालो! मंग? माणूस हाय, एखांद्या दिवशी विसरला असंल! तुमी काय वकील लागून गेलासा? सॉफ्टवेअर शिकवाय आलाय न्हवं, शिकवा की गप. आन् हात काढा त्या माऊसवरनं. काढा म्हणतोय—कशाला क्लिक केलंसा रेलिंगवर? कुणी सांगितलं? च्यायला, कुणी सांगितलं तुमाला!

चौदा जानेवारी. नाव, सयाजी. व्हय, दिसतंय मला, चष्मा हाय. बारा तारखेला गेला तो. संक्रांतीदिशी मी हितं एकटा बसलो हुतो. कारखान्यानं फळी तीन फूट वाढवून मागितलेली, नोव्हेंबरात. म्हणून मी आधी रेलिंग काढलं, मंग फळी वाढवली, आन् रेलिंग परत बसवायचं—ऱ्हायलं. काय झालतं त्या वक्ताला? फोन आलता? च्या आलता? दहा वर्सं आठवतोय, आठवत न्हाय. ऱ्हायलं. तसाच नकाशा गेला आन् आकारामनं बरोब्बर तसंच बांधलं, नकाशागत. थोरल्या साहेबांनी मला काय सांगितलं न्हाय हां. एवढंच म्हणालं, सयाजी, चौकशीला द्यायच्या आधी नकाशा एकदा बघून घे. ते गेलं गेल्या साली, त्यांच्यावर कशाला ढकलू? चार खांब, दोन आडव्या पायपा. दहा मिनिटांचं काम. वर नोव्हेंबरची तारीख टाकली आन् छापलं. ब्लेड न्हाय, ओरखडा न्हाय. खिडकीला धरून बघितलं मी, सवयीनं. काय दिसलं न्हाय.

त्येची बायको, चिमणाबाई, आलती हितं. ह्याच खुर्चीत बसलेली, तुमी बसलाय त्याच. म्हणाली, भाऊजी, ह्यांनी कधी घराच्या दाराची कडीबी अर्धी लावली न्हाय, ह्यांनी असं कसं सोडलं? मी तिला पाणी दिलं. म्हणालो, वैनी, माणूस हाय, चुकतंय. असं म्हणालो मी! जीभ झडली न्हाय माझी! आन् ती पोरगी—कुठलाबी नकाशा हातात घेतला की आधी रेलिंग मोजती. आधी रेलिंग, मंग बाकी. एकदा विचारलं, का गं? तर म्हणती, काका, पप्पा विसरलं, मी न्हाय विसरणार. बापाची चूक फेडती व्हय ती, रोज, माझ्या समोर बसून! कुणाची चूक फेडती? आं? आन् मी तिचा डबा खातो दुपारी.

मघाशी लई बोलत हुता. दाबा म्हणलं तर दाबलं न्हाईसा, मारा आजची म्हणलं तर मारली न्हाईसा, ठेवाच, ठेवाच, सगळ्या कंपन्या ठेवतात! आजची तारीख मारली असती, तर सोमवारी तिनं क्लिक केलं असतं आन् दिसलं असतं—सगळं एका दिवसाचं, सगळं स्वच्छ. जन्मभर रेलिंग मोजत बसली असती बिचारी.

सरका. सरका जरा. तुमी न्हाय, तुमच्या हातनं न्हाय. कुठलं बटण जुनी तारीख ठेवायचं? डावं? नक्की डावं न्हवं? नीट सांगा, आता परत चुकायचं न्हाय मला.

…

झालं. एवढाच आवाज व्हय त्येचा?

काय बघताय माझ्या तोंडाकडं? झालं न्हवं तुमचं काम? उठा. ब्याग घ्या. न्हाय, तिला फोन करू नका, तुमी कायबी सांगायचं न्हाय, कळलं? सोमवारी ती नवाला येती. मी साडेआठला येऊन बसणार हाय. निघा, पावणं, दार ओढून घ्या.