पत्ता चुकला ड्रायव्हरचा, बोलणी शोभाताईंना

कॉम्प्युटरवर मी खरा चिडलो तो पनवेलच्या एका लॅबमध्ये. रक्त तपासायचं मशीन कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. आमच्या कंपनीतर्फे मी कॉम्प्युटरची मेमरी वाढवली आणि रिपोर्टमध्ये भलतेच आकडे यायला लागले. डॉक्टरांनी टेक्निशियन शोभाताईंना भरल्या लॅबमध्ये झापलं, "उद्यापासून येऊ नका!"

मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनचे आकडे कॉम्प्युटरमध्ये घेणारा प्रोग्राम, आमच्या साहेबांनी लिहिलेला. फोनवर म्हणाले, "पनवेलची वीजच खराब."

डोकंच फिरलं. कोड उघडून बसलो. मशीनसाठी कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या कार्डाला मेमरीतल्या पहिल्या सोळा एमबीपुरतेच पत्ते कळायचे. वाढलेल्या मेमरीत ड्रायव्हर त्याला सोळा एमबीच्या पुढचा पत्ता द्यायचा. आकडे भलतीकडे जाऊन पडायचे आणि ड्रायव्हर रिकाम्या जागेतला कचरा उचलून छापायचा. आकड्यांची जागा पहिल्या सोळा एमबीतच पक्की केली, रिपोर्ट बरोबर आले.

साहेब फोनवर म्हणाले, "छान. डॉक्टरांना सांग, व्हायरस होता."

"नाही सांगणार! चूक आपली आहे," मी ओरडलो. शेजारी उभ्या डॉक्टरांनी ते ऐकलं. ओशाळून हळू आवाजात म्हणाले, "शोभाताई, माफ करा, उद्या या हं."

शोभाताई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "येते. पण ओरडलात सगळ्यांसमोर, मग माफी अशी हळू का मागताय?"