सारख्या शब्दांची वही

(इटलीतलं उदिने शहर, रेल्वे कामगारांच्या वस्तीतलं घर. स्वयंपाकघरात एजिदिओ आणि त्याची मुलगी ओर्नेला. आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून, आई स्लावका खुर्चीत बसलेली.)

एजिदिओ : ...बरं, ‘राना’?

ओर्नेला : बेडूक.

एजिदिओ : ते आपल्या इटालियनमध्ये. आईच्या भाषेत?

ओर्नेला : जखम. बाबा, मी तुमची सही न्यायला आलेय, परीक्षा द्यायला नाही.

एजिदिओ : कागद काही पळून जात नाही. ‘सेनो’?

ओर्नेला : आपल्यात छाती, तिच्यात वाळलेलं गवत.

एजिदिओ : ‘पेना’?

ओर्नेला : आपल्यात दुःख. तिच्यात फेस, दुधावर येतो तो.

एजिदिओ : ‘मोरा’?

ओर्नेला : आपल्यात तुती. तिच्यात झोपेत छातीवर बसतं ते, वाईट स्वप्न. पुरे आता. सोमवारपर्यंत कागद दिला नाही तर ती खाट दुसऱ्याला जाईल. म्हाताऱ्या माणसांचं असं घर परत मिळायला दीड वर्ष लागतं.

एजिदिओ : तिथल्या त्या मुख्य बाईला मी विचारलं होतं. आमच्या बायकोची स्लोव्हेन कुणाला येते का? म्हणाली, आमच्याकडे रुमानियाच्या मुली आहेत, पेरूच्या आहेत, स्लोव्हेन एकही नाही. हसून म्हणाली, आजोबा, खुणेनं भागतं.

ओर्नेला : सीमेपलीकडच्या, स्लोव्हेनियातल्या घराचंही मी विचारून आले. तिथं सगळ्या आईसारख्याच बोलतात. पण त्यांची यादी त्यांच्या माणसांची. हद्दीवर आता शिपाईसुद्धा उभा नसतो, पण खाट मागायला गेलं की हद्द आहे तिथंच आहे.

एजिदिओ : म्हणूनच म्हणतो, तू शीक. मार्चमधल्या मेंदूच्या झटक्यानं तिची इटालियन पुसून गेली ती गेलीच. उरली ती लहानपणची भाषा. या घरात ती फक्त मला कळते. आणि माझी फुफ्फुसं नाताळाच्या पुढं जात नाहीत, हे डॉक्टरनं तुझ्यासमोरच सांगितलं.

ओर्नेला : तुमच्या वहीतल्या चाळीस शब्दांवर माणूस चालतो का?

एजिदिओ : मी चाललो. एकतीस वर्षांचा झालो तरी मला माझं नाव लिहिता येत नव्हतं. डोंगरात मेंढ्यांमागं फिरणाऱ्याला कोण शाळेत घालतो? रेल्वेत डबे जोडायला लागलो, वरच्या जागेला लेखी परीक्षा. तुझी आई म्हणाली, तू एक शब्द लिही, दोन पदरात पडतील. याच टेबलाशी बसायचो. ‘राना’ लिहिलं की मी बाजूला बेडूक काढायचो, ती बोटाला चिंधी बांधलेला माणूस. मी विचारलं, हे दोघं भाऊ का गं? म्हणाली, छे, नातं ना गोतं. एक लॅटिनच्या घरातला, एक आमच्या स्लावांच्या. जत्रेत दोन अनोळखी माणसांनी एकसारखी टोपी घालावी, तसं.

ओर्नेला : तुम्हाला शिकवलं. मग मला का नाही?

एजिदिओ : तेव्हा तसंच होतं.

ओर्नेला : तसंच म्हणजे कसं?

एजिदिओ : तू तीन वर्षांची होतीस. बसमध्ये तिच्याकडं पाणी मागितलंस, तिच्या भाषेत. समोरची बाई म्हणाली, इथं माणसांच्या भाषेत बोलायचं. तुझी आई पुढच्या थांब्यावर उतरली, तुला कडेवर घेऊन चालत घरी आली. त्यानंतर तुझ्याशी त्या भाषेत एक अक्षर बोलली नाही. शाळेत तुला कुणी चिडवू नये म्हणून.

ओर्नेला : आणि तुम्ही काय म्हणालात?

एजिदिओ : मी काहीच म्हणालो नाही. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. कटकट मिटली.

ओर्नेला : मिटली खरी. सात महिने मी तिला आंघोळ घालते, भरवते, आणि मुकीनं मुकीची सेवा करावी तसं चाललंय.

एजिदिओ : म्हणून तर वही केली.

ओर्नेला : ऐका. तुम्ही परवा छातीतलं पाणी काढायला दवाखान्यात राहिलात ना, तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि म्हटले सगळे शब्द. जखम, गवत, फेस, वाईट स्वप्न. वेड्यासारखे, एकापुढे एक.

एजिदिओ : मग?

ओर्नेला : तिनं मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हात धरला. हसली सुद्धा. आणि काहीतरी विचारलं. मला कळेना, तर परत विचारलं, हळू, लहान मुलाला विचारतात तसं. मी कानाला लागलं तसं लिहून ठेवलंय. हे बघा.

एजिदिओ : चष्मा दे. ...‘चिगावा स्ते.’

ओर्नेला : म्हणजे काय?

एजिदिओ : काही नाही. तिच्या गावाकडं विचारतात, नवी पोर दिसली की.

ओर्नेला : काय विचारतात, बाबा?

एजिदिओ : तुम्ही कुणाच्या?

ओर्नेला : ‘तुम्ही’?

एजिदिओ : परक्या माणसाला ‘तुम्ही’च म्हणतात.

ओर्नेला : ...मी काय म्हणायला हवं होतं?

एजिदिओ : ‘त्वोया.’ तुझीच.

ओर्नेला : मग हा शब्द वहीत का नाही?

एजिदिओ : आपल्याकडं तसा दिसणारा शब्द नाही. मी सारखे दिसणारेच तेवढे लिहिले. सोपे पडतील म्हणून.

ओर्नेला : थांबा, आत्ता जाऊन सांगते तिला.

एजिदिओ : बस खाली. ती मलाही विचारते. जूनपासून.

ओर्नेला : तुम्हाला? तुम्हाला तर तिची भाषा येते.

एजिदिओ : येते ना. मी सांगतो, तुझा नवरा. ती मान डोलावते, कॉफी पिते. कप खाली ठेवला की परत विचारते, आणि तुम्ही कुणाचे?

ओर्नेला : मग एवढे दिवस मला हे पाठ कशाला करायला लावलंत?

एजिदिओ : विचारलं की कुणीतरी उत्तर द्यावं, एवढंच.

ओर्नेला : बाबा, मी पहाटे तीनला बेकरीत भट्टीसमोर उभी असते. माझ्या घरी दोन जिने, एक खोली. मला नाही झेपणार. मी मनापासून सांगतेय, मला नाही झेपणार.

एजिदिओ : ठाऊक आहे. आण तो कागद. कुठं करायची सही?

ओर्नेला : इथं. आणि मागच्या पानावर एक. ...तिथं गेल्यावर तिनं कुणाला विचारलं तर?

एजिदिओ : विचारेल, आठवडाभर. मग विचारायचं सोडून देईल.