अंड्यावरच्या फुल्या

(जावा बेटावरचं मोजोसारी, बदकवाल्यांचं गाव. लारसची मागची खोली. उबवणपेटीचं झाकण उघडं आहे, आणि तिच्या वडिलांचे, दिरमानचे, दोन्ही हात पेटीत.)

लारस : बाबा, थांबा! हात बाहेर काढा आधी!

दिरमान : ओरडतेस काय? अंडी फिरवतोय. सकाळी एकदा फिरवली, आता संध्याकाळची पाळी.

लारस : सकाळी? वरच्या बाजूला मी पेन्सिलीनं फुल्या केल्या होत्या. एकसुद्धा दिसत नाहीये!

दिरमान : खाली गेल्या असतील. सगळी एकमेकांना चिकटलेली, मग अख्खा घोसच उलटा केला. अगदी अलगद हं.

लारस : या अल्ला! अजगराची आहेत ती, बदकाची नव्हेत! घातली तशीच ठेवायची असतात. उलटली की पिल्लू आतल्या आत गुदमरतं.

दिरमान : काहीतरीच! माझा उभा जन्म अंडी उबवण्यात गेला. न फिरवलेलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. तू ढुंकून बघेनास, मग मला राहवेना.

लारस : तुम्ही तर ह्या खोलीत पाय ठेवत नव्हता! साप पाळणारी पोर माझी नव्हे, म्हणालात.

दिरमान : साप नकोतच मला. अंड्यांनी काय घोडं मारलंय?

लारस : पहिलीच वेळ आहे माझी, बाबा. बोटाएवढी होती तेव्हापासून मादी वाढवली ह्यासाठी. ही अंडी गेली तर पुन्हा नाही व्हायचं माझ्यानं.

दिरमान : रडू नको. सुलटी कर तुझ्या हातानं. आणि बॅटरी दे, मेलेलं अंडं मला कळतं.

लारस : झाल्या फुल्या वर. घ्या बॅटरी, खालून धरा.

दिरमान : लाल शिरा आहेत. जिवंत आहे हे. हेही. अगं, कवच मऊ कसं ह्याचं? चामड्यासारखं!

लारस : असंच असतं. ते कडेचं बघा ना.

दिरमान : ह्यात... नुसतं पिवळं.

लारस : एकही शीर नाही?

दिरमान : नाही. माझ्यामुळे गेलं का गं?

लारस : काय माहीत. फिकटच होतं ते पहिल्यापासून. बाकीच्यांचंही आत्ताच नाही सांगता येत.

दिरमान : मला एक सांग. फिरवत नाही, तर ह्यांची आई करते तरी काय?

लारस : विळखा घालून बसते. खात नाही, शिकारीला जात नाही. पिल्लं बाहेर येईपर्यंत बसून राहते.

दिरमान : नुसती?

लारस : नुसती.

दिरमान : हे भलतंच अवघड काम. जा, माझी खुर्ची आण आत. जरा लांब ठेव हं, हात पोचणार नाही अशी.