इपोहची फोडणी

नितीनने तुम्हालाही मलेशियाचा व्हिडिओ दाखवला असेल ना? इपोहमधला तो शनिवारचा खाऊबाजार? मग त्यात जे नाहीये ते माझ्याकडून ऐका.

जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या आमच्या घरात फोडणी बंद आहे. खालच्या मजल्यावरची फ्राऊ, म्हणजे जर्मन शेजारीणबाई, एकदा जिन्यात वासाबद्दल काहीतरी पुटपुटली आणि या माणसाने स्वतःच्या आईला सांगून टाकलं, "आई, आता तू काही करू नकोस. पुण्याहून तयार पाकिटं आणत जाऊ." तेव्हापासून सासूबाई मायक्रोवेव्हची बटणं दाबतात.

तर त्या बाजारात एका तमिळ बाईंची गाडी होती. तापलेल्या तेलात मोहरी, कढीपत्ता, सुक्या मिरच्या, चर्रर्र! सासूबाई गाडीला चिकटूनच उभ्या राहिल्या. धुराने डोळ्यांत पाणी आलं तरी हलेनात. आणि हा मोबाइल रोखून ओरडतोय, "गेनाऊ! अगदी बरोबर! वास हवा तर असा!" माझ्या अगदी तोंडापर्यंत शिवी आली होती.

त्या बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. नितीनने आईला मराठीत सांगितलं, "आई, त्या विचारतायत, जर्मनीत तू काय काय बनवतेस?"

आई कढईवरून नजर न काढता म्हणाल्या, "सांग त्यांना, तिथे मी फक्त गरम करते."

नितीन त्या बाईंकडे बघून छान हसला आणि म्हणाला, "मदर कुक्स एव्हरीथिंग."

व्हिडिओत तेवढंच ऐकू येतं. आईंचं वाक्य त्याने कापलंय.